इंग्रजी वाङ्मय आणि आगरकरांचा वर्ग

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडनजीक कृष्णाकाठी टेंभू नावाचे खेडे आहे. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म तेथे १४ जुलै १८५६ रोजी झाला. त्याच महिन्यात, शेकडो कोस दूर कलकत्त्यास, हिंदू विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा संमत झाला. टेंभूतील त्या दरिद्री घरात कोणाला त्याची वार्ताही नसेल. परंतु तो कायदा कागदावरून माणसांच्या मनात उतरविण्याचे काम ज्यांनी पुढे आपल्या माथ्यावर घेतले, त्यांत हे मूल अग्रभागी असणार होते, आणि त्यासाठी त्याने निवडलेले ठिकाण न्यायालय वा कचेरी नव्हते, तर शाळेचा वर्ग होता.

शिक्षणासाठी आगरकरांनी सोसलेल्या हालांच्या कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितल्या जातात. कऱ्हाडास आजोळी राहून काही इयत्ता झाल्या. पुढे पैशाअभावी मामलेदार कचेरीत उमेदवारी करावी लागली. शिकण्याची सोय होईल या आशेने हा मुलगा कऱ्हाडहून रत्नागिरीपर्यंत पायी चालत गेला. तेथे निभाव लागला नाही, तेव्हा परत येऊन त्याने दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शेवटी वऱ्हाडात अकोल्याला नातलगांचा आसरा मिळाला आणि तेथील हायस्कुलातून १८७५ साली तो मॅट्रिक झाला.

अकोल्याचे हे दिवस पुष्कळदा दोन ओळींत आटोपले जातात. वास्तविक ते महत्त्वाचे आहेत, कारण तेथे विष्णु मोरेश्वर महाजनी हे मुख्याध्यापक होते. महाजनी नुसते कडक शिस्तीचे हेडमास्तर नव्हते. शेक्सपिअरची नाटके मराठी पोशाखात मराठी वाचकांपुढे उभी करणाऱ्या पहिल्या लेखकांपैकी ते एक होते. ‘सिंबेलाइन’ या नाटकावरून त्यांनी ‘तारा’ लिहिले, ‘विंटर्स टेल’वरून ‘मोहविलसित’. महाजनींच्या एका टोचून बोलण्यावर चिडून, आपणही त्यांच्यासारखे एम. ए. होऊन दाखवू, असे आगरकरांनी त्यांना तोंडावर सांगितले, अशी आठवण प्रसिद्ध आहे. महाजनींनी तो राग मनात धरला नाही. उलट पुढे या विद्यार्थ्याला साहाय्यच केले. इंग्रजी पुस्तक म्हणजे परीक्षेसाठी घोकावयाचा मजकूर नव्हे, ते आपल्या भाषेत आणून आपल्या माणसांपुढे ठेवावयाचे असते, हा धडा आगरकरांना अकोल्यास डोळ्यांसमोर पाहावयास मिळाला असला पाहिजे. शिष्याने पुढे ‘हॅम्लेट’चे भाषांतर केले तेव्हा त्याचे नाव ‘विकारविलसित’ ठेवले. ‘मोहविलसित’शी असलेले त्याचे साम्य सहज लक्षात येते.

पुण्यास डेक्कन कॉलेजात आगरकर आले ते जवळजवळ रिकाम्या हाताने. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालावयाचा, वर्तमानपत्रांत लेख लिहून चार रुपये मिळवावयाचे, शिष्यवृत्तीवर दिवस काढावयाचे, असा क्रम होता. त्या काळी मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत मराठीला स्थान नव्हते. तर्कशास्त्र, इतिहास, नीतिशास्त्र सारे इंग्रजीतूनच वाचावे लागे. आगरकरांनी मिल्ल व स्पेन्सर यांचे ग्रंथ वाचले आणि त्यांतील विचारांनी ते झपाटले गेले. याच कॉलेजात बाळ गंगाधर टिळक यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. सरकारी नोकरी न पत्करता लोकशिक्षणास वाहून घ्यावयाचे, असा दोघांचा निश्चय झाला. आता मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नये, पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून आपण सर्व वेळ परहितासाठी घालविणार आहोत, असे आगरकरांनी आईला पत्राने कळविले. मुलाच्या पदवीकडे डोळे लावून बसलेल्या त्या माउलीला ते पत्र वाचून काय वाटले असेल, याचा विचार आजच्या पालकांनी अवश्य करावा. त्या पत्राचे आपण कौतुक करतो, पण त्याची किंमत प्रथम तिने मोजली.

विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले होते. एम. ए. झाल्यावर १८८१ साली आगरकर त्यात आले. त्याच वर्षाच्या आरंभी निघालेल्या ‘केसरी’चे संपादकत्वही त्यांच्याकडे होते. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या संबंधीच्या लेखनामुळे अब्रुनुकसानीचा खटला होऊन १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. एकशे एक दिवसांच्या त्या बंदिवासात दोघांची चर्चा अखंड चाले, आणि कधी कधी आवाज इतका चढे की पहारेकऱ्यांना दखल घ्यावी लागे. पुढच्या काळातील त्यांच्या मतभेदांचे बीज त्या कोठडीत होते. आणि पुढे स्थापन व्हावयाच्या महाविद्यालयाचे स्वप्नही तेथेच रंगले होते.

‘विकारविलसित’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पतीच्या निधनानंतर दिराशी लग्न करणारी राणी आणि त्यामुळे अंतःकरणात जळणारा तिचा पुत्र ही ‘हॅम्लेट’मधील मूळ गाठ आहे. ज्या पुण्यात दहा-बारा वर्षांच्या विधवेचे केशवपन होत होते आणि पुनर्विवाह करणाऱ्यावर बहिष्कार पडत होता, त्या पुण्यातील वाचकाला हे नाटक केवळ दूर देशीच्या राजवाड्यातले वाटणे कठीण होते. विधवेने पुन्हा संसार मांडणे हे पाप आहे, की तो संसार पहिल्या पतीच्या खुनावर उभारणे हे पाप आहे, असा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उभा राहतो. नुसते शब्दार्थ सांगून शिक्षकाला येथे सुटता येत नाही. शब्दकोश तेथे संपतो आणि चर्चा सुरू होते.

त्या भाषांतराच्या बाबतीत पुढे जे घडले ते आगरकरांच्या शाळेविषयी पुष्कळ काही सांगून जाते. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकणारा हरि नारायण आपटे नावाचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने आपल्याच शाळेतील या गुरूंच्या भाषांतरावर एक विस्तृत टीकालेख लिहिला आणि तो ‘निबंधचंद्रिका’ या मासिकात छापून आला. ज्या समाजात गुरुवाक्यापुढे मान तुकविणे हीच विद्या मानली जाई, तेथे एका मॅट्रिकच्या वयाच्या मुलाने शिक्षकाच्या छापील ग्रंथातील गुणदोष चारचौघांत मांडावेत, ही लहान गोष्ट नव्हे. शिक्षकांच्या यशाच्या मोजमापात उत्तीर्णांचे आकडे येतात, शिष्यवृत्त्या येतात. असा टीकालेख कोणत्याच अहवालात येत नाही. हाच विद्यार्थी पुढे मराठी कादंबरीचा शिल्पकार झाला. १८९० पासून त्याच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीत एका बालविधवेची कहाणी तिच्याच तोंडून सांगितली गेली. इंग्रजी कादंबऱ्यांचे वाचन आणि घराघरांतून दडपलेले दुःख यांची अशी गाठ पडली, तिच्यामागे त्या शाळेतील वातावरण काहीच नव्हते असे म्हणता येणार नाही. केशवसुत याच शाळेतून १८८९ साली मॅट्रिक झाले. इंग्रजी सुनीताचा साचा मराठीत आणणाऱ्या या कवीने जुन्या रूढींवर जे शब्द उगारले, त्यांचे नाते आगरकरांच्या विचारांशी जोडले जाते ते उगाच नव्हे.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ मध्ये झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडले. उद्घाटनास एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ आले होते. ते कवी वर्ड्‌स्वर्थ यांचे नातू. इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन मुख्यतः वासुदेव बाळकृष्ण केळकर करीत. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’चे ‘त्राटिका’ हे त्यांचे मराठी रूप रंगभूमीवर गाजले. गोपाळ कृष्ण गोखले याच सुमारास संस्थेत येऊन इंग्रजी शिकवू लागले. आगरकरांकडे इतिहास, तर्कशास्त्र व नीतिशास्त्र असे विषय होते. पाठ्यपुस्तके इंग्रजीच असल्यामुळे त्यांचा प्रत्येक तास एका अर्थी इंग्रजीचाही तास होता. विधान, त्याचे कारण, त्यावरील आक्षेप आणि त्या आक्षेपाचे निरसन, ही वाक्यांची शिस्त मुले तेथे शिकत. तीच शिस्त मराठीलाही लावण्याचा त्यांचा ध्यास होता. १८८८ साली त्यांनी ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक लिहिले. तोवर मराठी व्याकरणात शब्दविचारच प्रधान होता. आगरकरांनी वाक्य हे विचाराचे एकक मानून त्याची चिकित्सा केली. समाजसुधारक म्हणून त्यांचा जयजयकार करणारेही हे पुस्तक विसरतात. शिक्षक म्हणून त्यांची ओळख मात्र त्यात सर्वांत स्वच्छ दिसते: इंग्रजीकडून घ्यावयाचे ते घेऊन मायबोलीचे घर भरावयाचे. महाराजपुरासारख्या हिंदी मुलखातील वस्तीत जेव्हा मराठी शाळा चालते आणि तेथील मुले तीन भाषांच्या संगमावर वाढतात, तेव्हा हे पुस्तक अडगळीतून बाहेर काढावेसे वाटते. भुसावळास लोहमार्गाचे दोन फाटे फुटतात. एक अकोल्यावरून नागपुरास जातो, दुसरा खांडवा-इटारसीवरून जबलपुरास येतो. आगरकरांची विद्या पहिल्या फाट्यावर घडली. दुसऱ्या फाट्यावरील मराठी घरांनाही ती परकी नाही.

वर्गात सामाजिक प्रश्न आणण्यात धोका असतो. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात हेन्री डेरोझिओ या तरुण शिक्षकाने इंग्रजी वाङ्मय व इतिहास शिकविताना मुलांना मोकळेपणी वाद घालावयास लावले. पालक बिथरले, आणि १८३१ साली त्याला नोकरी सोडावी लागली. त्याच वर्षी अवघ्या बाविसाव्या वर्षी तो वारला. आगरकरांवर अशी पाळी आली नाही, कारण संस्था त्यांनी व त्यांच्या मित्रांनी स्वतः उभारली होती. तरीही किंमत द्यावी लागली. मतभेदांमुळे १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ काढला. हे पत्र मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघे. आरंभी इंग्रजी बाजू गोखले सांभाळीत. बालविवाह, केशवपन, स्त्रियांचे शिक्षण, मुलामुलींनी एकत्र शिकणे अशा प्रश्नांवर आगरकरांनी जे लिहिले त्याने पुणे खवळले. त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. संस्थेतही तट पडले आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. या भांडणात सारा दोष एका बाजूचा होता असे मानण्याचे कारण नाही. वेतन, बाहेरची मिळकत, संस्थेवरील निष्ठा अशा व्यवहाराच्या बाबीही त्यात होत्या, आणि दोघेही हट्टी होते.

वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. पुढच्याच वर्षी एक कसोटीचा प्रसंग आला. कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी मार्च १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केला. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. कॉलेजातील त्यांचे स्थान मात्र अढळ राहिले. पुस्तकात वाचलेला आणि वर्गात चर्चिलेला प्रश्न आता फळ्यासमोर खडू घेऊन उभा होता, आणि मुले त्याच्याकडून गणित शिकत होती.

घरी मात्र आगरकरांनी आपली मते कोणावर लादली नाहीत. पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या. त्यांचे सोवळेओवळे, व्रतवैकल्ये घरात चालत. बाहेर तलवारीसारखी चालणारी लेखणी घरात म्यान होई. कोणी याला विसंगती म्हणेल. परंतु दुसऱ्याच्या बुद्धीला पटल्यावाचून काही बदलावयाचे नाही, हा त्यांच्या शिकविण्याचाच नियम होता आणि तो घरातही त्यांनी मोडला नाही.

दम्याने त्यांचे शरीर अनेक वर्षे पोखरले होते. रात्री बसून काढावयाच्या, सकाळी कॉलेजात जावयाचे आणि उरलेल्या वेळात ‘सुधारक’चा मजकूर पुरा करावयाचा, असे चालले होते. १७ जून १८९५ रोजी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे एका पुरचुंडीत बांधून ठेवले होते; ती पुरचुंडी मृत्यूनंतर सापडली. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. तो सांगताना त्यांना अश्रू आवरले नाहीत, अशी आठवण नोंदलेली आहे. गोखले फर्ग्युसनमध्ये शिकवीत राहिले ते १९०२ पर्यंत. कर्वे त्यानंतरही अनेक वर्षे गणिताचा तास घेत होते, आणि त्याच काळात हिंगण्याच्या माळावरील एका झोपडीत विधवांची शाळा भरू लागली होती.