रविवारच्या सुट्टीचे मानकरी : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील आपल्या बहुतेक घरांत आठवड्याचे सहा दिवस पहाटेच्या लोकलने सुरू होतात. सातव्या दिवशी घरातील कमावते माणूस लेकरांजवळ बसते, विहारात वंदनेला येते, वसतिगृहातील मुलाला भेटायला शाळेच्या दारात उभे राहते. हा सातवा दिवस आपल्याला कोणत्याही मालकाने खुशीने दिलेला नाही. तो मागावा लागला, त्यासाठी सह्या गोळा कराव्या लागल्या, सहा वर्षे वाट पाहावी लागली. ते काम ज्यांनी पुढे होऊन केले ते नारायण मेघाजी लोखंडे ठाण्याचेच सुपुत्र होते. शाळेच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगावेसे वाटते, कारण आपले शेकडो माजी विद्यार्थी आज नोकरीत आहेत आणि नोकरीत उभे राहणाऱ्या अनेक प्रश्नांची पहिली उत्तरे या माणसाने शोधली.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. नारायण पाच वर्षांचे असताना, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यात आली. पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. १८५४ मध्येच मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. आगगाडी आणि गिरणी या दोन गोष्टींनी या भागातील माणसाचे आयुष्य बदलून टाकले आणि नारायणरावांचेही आयुष्य त्यांनीच घडवले.

परिस्थितीमुळे त्यांना मॅट्रिकच्या पुढे शिकता आले नाही. प्रथम रेल्वेत, नंतर टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईत मांडवी येथील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. कोठाराची जागा तशी बरी. सामानाची नोंद ठेवायची, हिशेब लिहायचा. पण साच्यावरच्या माणसांचे हाल तेथून रोज दिसत. गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्य उगवला की काम सुरू आणि सूर्य मावळला की बंद. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. दुपारच्या जेवणाला ठरलेली वेळ नव्हती. आठवड्याची सुट्टी नव्हती. पगार महिना संपून कित्येक दिवस लोटल्यावर हाती पडे आणि मधे कोणी काम सोडले तर अडकलेला पगार बुडे. यंत्रात हात गेला तर माणूस घरी आणि त्याच्या जागी दुसरा. भरती जॉबरच्या हातात असल्याने तक्रार करणाऱ्याची नोकरी टिकण्याची शाश्वती नव्हती.

जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांनी नारायणराव भारावले. त्या चळवळीतील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात दीनबंधू हे वृत्तपत्र सुरू केले होते. पैशाअभावी ते बंद पडले. १८८० मध्ये नारायणरावांनी गिरणीतली नोकरी सोडून ते पत्र मुंबईत पुन्हा उभे केले आणि अखेरपर्यंत चालवले. शेतकरी आणि कामगार यांची गाऱ्हाणी त्यात नियमाने छापली जाऊ लागली. ज्याला स्वतःचे दुःख लिहिता येत नव्हते त्याच्या वतीने लिहिणारा एक माणूस मिळाला.

१८८१ साली सरकारने पहिला कारखाना कायदा केला, पण त्यात प्रौढ कामगारांच्या कामाच्या तासांबद्दल काहीच नव्हते. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांहून अधिक राबवू नये, हाच त्याचा मुख्य भाग होता. शंभराहून कमी माणसे असलेले कारखाने तर त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये एक आयोग नेमला. नारायणरावांनी ही संधी ओळखली. आयोगासमोर मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, अधिकारी बोलणार. मग कामगारांच्या बाजूने कोण बोलणार? त्यांनी २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगाला सादर केले.

त्यातील मागण्या पाच होत्या. रविवारी सर्वांना सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि जो कायमचा अपंग झाला त्याच्या आयुष्यभराच्या निर्वाहाची सोय व्हावी. आज या मागण्या वाचताना त्या फार मोठ्या वाटत नाहीत, पण त्यावेळी मालकांना त्या अशक्य वाटल्या. देशी वृत्तपत्रांतील बहुतेकांनीही कारखाना कायद्याला विरोध केला. हिंदी गिरण्या महागात पडाव्यात म्हणून लँकेशायरचे गिरणीमालक हे सारे घडवून आणत आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. लँकेशायरचा स्वार्थ खोटा नव्हता. पण परळच्या बाईची पाठ दुखत होती, हेही खोटे नव्हते. नारायणराव त्या बाईच्या बाजूने उभे राहिले.

त्यांच्या संघटनेविषयी इतिहासकार एक गोष्ट नेहमी नोंदवतात. तिच्याजवळ निधी नव्हता, सभासदांची नोंद नव्हती, लिखित नियमावली नव्हती. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. तरीही भारतीय कामगार चळवळीचा आरंभ तेथूनच मोजला जातो. याचे कारण असे की, एकेकट्याने बोलण्याची भीती असलेल्या माणसांना तिने एका कागदावर एकत्र सही करायला शिकवले.

आयोगाच्या अहवालानंतर लगेच काही घडले नाही. नारायणरावांनी सभा आणि अर्ज चालूच ठेवले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. दोन कामगार स्त्रियांनी त्या सभेत भाषणे केली, हे आपल्या मुलींना मुद्दाम सांगण्याजोगे आहे. आठवड्याच्या सुट्टीचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगाच्या कामात मुंबईच्या कामगारांच्या वतीने नारायणरावांना सहभागी करून घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली, स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा पडली आणि मुलांचे किमान वय सातवरून नऊ झाले.

उरलेल्या मागण्या त्यांच्या हयातीत पूर्ण झाल्या नाहीत. जखमी कामगाराची भरपाई १९२३ च्या कायद्याने आली. पगाराची तारीख १९३६ च्या वेतन कायद्याने बांधली गेली. प्रौढ पुरुषाच्या कामाचे तास १९११, १९२२ आणि १९३४ असे टप्प्याटप्प्याने कमी होत गेले. अखेर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांच्या काळात, १९४६ च्या दुरुस्तीने, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले. जोतीरावांच्या या सहकाऱ्याने मागितलेले एक मोठे मागणे बाबासाहेबांच्या कारकिर्दीत पदरात पडले. हा वारसा आपण विसरता कामा नये.

नारायणरावांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाला नकार देण्यासाठी त्यांनी १८९० मध्ये मुंबईत नाभिक बांधवांना संघटित केले. ११ मे १८८८ रोजी मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांना महात्मा ही पदवी अर्पण झाली, त्या सोहळ्यामागील कार्यकर्त्यांत ते होते. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर त्यांनी सलोख्यासाठी धडपड केली. सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस नेमले, रावबहादूर ही पदवी दिली. मात्र चरित्र लिहिताना उणे बाजूही सांगितली पाहिजे. जोतीरावांचा शेतकऱ्याचा आसूड दीनबंधूत छापायला घेऊन दोन प्रकरणांनंतर त्यांनी थांबवला आणि त्याबद्दल जोतीरावांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. गिरण्यांतील जातिभेदही त्यांच्या चळवळीने मिटला नाही. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, या सबबीवर अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात शिरकाव नव्हता आणि अधिक पगार त्याच खात्यात होता. हा प्रश्न बाबासाहेबांना १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी उचलावा लागला. एक माणूस सर्व दरवाजे उघडत नाही. पुढचा दरवाजा पुढच्या पिढीने उघडायचा असतो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळत असताना नारायणराव रुग्णांसाठी रुग्णालय उभारण्याच्या कामात राहिले, त्यांनाच प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाईंनीही प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना देह ठेवला. आज परळच्या महाराष्ट्र श्रमविज्ञान संस्थेला नारायणरावांचे नाव आहे आणि २००५ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले.

आता आपल्याकडे वळू. आपले माजी विद्यार्थी डोंबिवलीच्या एमआयडीसीत आहेत, वागळे इस्टेटमध्ये आहेत, रुग्णालयांत, बँकांत, मॉलमध्ये, महापालिकांच्या कंत्राटी कामांवर आहेत. त्यांच्या तक्रारी ऐकल्या की १८८४ चे निवेदन पुन्हा वाचतो आहोत असे वाटते. पगार उशिरा होतो, रविवारी बोलावतात, जादा कामाचे पैसे मिळत नाहीत, ठेकेदार बदलला की जुनी देणी बुडतात. आंबिवली-मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद झाल्यावर कामगार आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे लढत राहिले. डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी कामावरच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न पुन्हा समोर आणला.

नारायणरावांची रीत आजही उपयोगी आहे. पहिली गोष्ट, प्रत्येक बाब कागदावर आणावी. नेमणूकपत्र मागून घ्यावे. संसदेने २०१९ आणि २०२० मध्ये संमत केलेल्या चार कामगार संहितांत ते देण्याचे बंधन मालकावर आहे. पगाराची पावती जपावी, हजेरी आणि जादा तासांची स्वतःची वही ठेवावी. भविष्य निर्वाह निधी पगारातून कापला जात असेल तर तो खात्यात भरला जातो की नाही हे पासबुक पाहून ताडावे. कोऱ्या कागदावर किंवा आधीच लिहून ठेवलेल्या राजीनाम्यावर सही करू नये, मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे ठेवू नयेत. दुसरी गोष्ट, तक्रार रागाने न करता अर्जाने करावी आणि पोच घ्यावी. तोंडी बोलणे हवेत विरते. तिसरी गोष्ट, शक्यतो एकट्याने जाऊ नये. एका सहीला धमकावता येते, पन्नास सह्यांना उत्तर द्यावे लागते. युनियन असेल तर तिचे सभासद व्हावे, नसेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयाची पायरी चढण्यात कमीपणा मानू नये. ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे कंत्राटी कामगारांनी लक्षात ठेवावे. आपल्या मुलींनी हेही जाणावे की दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कचेरीत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने सक्तीचे आहे.

तथागतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, योग्य वेळी सुट्टी द्यावी. म्हणजे विश्रांती आणि वेतन यांचा प्रश्न धम्माने पंचवीस शतकांपूर्वीच नीतीचा प्रश्न मानला होता. आपल्यापैकी जे पुढे स्वतः चार माणसांना कामावर ठेवतील, त्यांनी हा उपदेश आधी स्वतःला लावून पाहावा.

नारायणराव मॅट्रिकपर्यंत शिकले होते आणि तेवढे शिक्षण त्यांनी निरक्षर कामगारांच्या कामी लावले. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले-मुली त्यांच्याहून कितीतरी अधिक शिकली आहेत. शेजारच्या साच्यावर, काउंटरवर किंवा सफाईच्या गाडीवर काम करणाऱ्या ज्या बांधवाला आपला करार वाचता येत नाही, त्याला तो वाचून दाखवावा, त्याचा अर्ज लिहून द्यावा. शिक्षण, संघटन आणि संघर्ष ही बाबासाहेबांची त्रिसूत्री नोकरीच्या जागी याच रूपाने जगता येते. ठाण्याच्या या थोर सुपुत्राला तेच आपले अभिवादन ठरेल.

जयभीम. नमो बुद्धाय.