खापरांची साक्ष काढणाऱ्या शेपर्डबाई

अ‍ॅना शेपर्ड यांचा जन्म १९०३ साली अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ. १९२६ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाची पदवी घेऊन त्या पुरातत्त्वाकडे वळल्या.

त्या काळी उत्खननातील खापरे आकार व नक्षी पाहून वेगळी केली जात. शेपर्डबाईंनी नक्षीखालची माती पाहिली. आपल्याकडे मडके तडकू नये म्हणून कुंभार मातीत राख, घोड्याची लीद कालवतात. न्यू मेक्सिकोतील पुएब्लो लोक वाळू, दगडाची भरड किंवा फुटक्या भांड्यांचा चुरा घालीत. भरड कोणत्या दगडाची हे कळले, की भांडे कोणत्या मुलखातले याचाही माग लागतो. खापराचा काप ०.०३ मिलिमीटर इतका पातळ घासला म्हणजे प्रकाश आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली दगडातील खनिजे ओळखता येतात. केवढी चिकाटी हवी!

प्रत्येक गावातील बायका आपापली भांडी घडवीत, असे विद्वान धरून चालले होते. पेकोस या उजाड गावाच्या खापरांत मात्र बाईंना गॅलिस्टिओ खोऱ्यातील ज्वालामुखीजन्य खडक दिसला. म्हणजे भांडी बाहेरून येत होती. हा निष्कर्ष १९३६ साली प्रसिद्ध झाला.

पुढे चाको खोऱ्यातील खापरांवरून खरा वाद पेटला. त्यांत सुमारे ७५ किलोमीटर दूर असलेल्या चुस्का डोंगरातला दगड निघाला. तेथे उत्खनन केलेले नील जड हे मोठे नाव. त्यांना हे पटेना. चाक नाही, ओझ्याचे जनावर नाही, मग इतकी मडकी आणली कशी? शंका काही वेडगळ नव्हती. पण बाई हटल्या नाहीत. जड यांच्या १९५४ च्या ग्रंथातच त्यांचे प्रत्युत्तर छापले गेले. मला तर दोघांचाही मोठेपणा यात दिसतो.

१९५६ मध्ये बाईंचा मृत्पात्रशास्त्रावरील ग्रंथ आला. आजही अभ्यासक तो उघडतात. कोलोरॅडोतील बोल्डर येथे घरच्याच प्रयोगशाळेत त्या बहुधा एकट्याने काम करीत. १९७१ मध्ये त्या वारल्या.

त्यानंतर चाकोत पुन्हा उत्खनन झाले, हजारो खापरे तपासली गेली. अकराव्या शतकात तेथे वापरलेल्या स्वयंपाकाच्या मडक्यांपैकी फार मोठा वाटा चुस्काकडचाच निघाला. माणसांनीच ती इतक्या लांबून वाहून आणली होती.