ग्रंथप्रेमी सयाजीराव महाराज

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील काशीराव गायकवाड हे बडोद्याच्या राजघराण्याचे दूरचे भाऊबंद. परंतु त्यांची राहणी साध्या शेतकऱ्याची होती. त्यांच्या घरी १८६३ साली गोपाळरावांचा जन्म झाला. गुराढोरांत आणि शेतांत त्यांचे बालपण गेले. बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांना अक्षरओळख अशी जवळजवळ नव्हतीच.

१८७५ साली इंग्रज सरकारने बडोद्याचे मल्हारराव महाराज यांना पदच्युत केले. गादीला वारस हवा होता. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी गोपाळरावांना दत्तक घेतले आणि ते सयाजीराव गायकवाड झाले. इतर मुले पुस्तके वाचू लागतात त्या वयात हा राजा पाटीवर मुळाक्षरे गिरवू लागला. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा त्यांना एकदम शिकाव्या लागल्या. श्रम फार पडले, पण त्या श्रमांतून वाचनाची जी गोडी लागली ती जन्मभर टिकली. अक्षरावाचून माणूस किती परावलंबी असतो, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

१८८१ साली राज्यकारभार त्यांच्या हाती आला. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागातील काही गावांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व राज्याला लागू केले. हिंदुस्थानात ही गोष्ट अपूर्व होती. परंतु लवकरच एक नवी अडचण दिसू लागली. चार यत्ता शिकून मूल शाळेबाहेर पडे, ते थेट शेतात. घरात पुस्तक नाही, गावात वाचनालय नाही. दोनचार वर्षांत आलेले अक्षरही विसरून जाई. मग शाळांवर झालेला एवढा खर्च कोणाच्या उपयोगी पडला?

या प्रश्नाचे उत्तर महाराजांना परदेशात सापडले. १९०६ साली ते अमेरिकेस गेले असता तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी बारकाईने पाहिली. तेथे मजूर, स्त्रिया, मुले अशा कोणालाही वर्गणीवाचून पुस्तक मिळत असे. तशीच व्यवस्था आपल्या प्रजेसाठी करावी असे त्यांनी ठरविले व १९१० साली विल्यम बॉर्डन या अनुभवी अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून घेतले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली आणि ग्रंथपालनाचे शिक्षण देणारा वर्ग काढला. महाराजांनी राजवाड्यातील आपले सुमारे २०,००० ग्रंथ या ग्रंथालयाला देऊन टाकले. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी तेथे निराळी व्यवस्था झाली.

पण शहरात ग्रंथालय झाले म्हणून खेड्यातील कुणब्याला काय लाभ? त्यातून बडोद्याचे राज्य सलग नव्हते. नवसारी एकीकडे, अमरेली दुसरीकडे, मधे परक्यांचा मुलूख. तेव्हा १९११ पासून फिरती ग्रंथालये सुरू झाली. मजबूत लाकडी पेट्यांत साधारण १५ ते ३० पुस्तके भरून त्या गावोगाव पाठवीत. वाहतुकीचा खर्च सरकार सोशी. गावकऱ्यांची पुस्तके वाचून झाली की पेटी परत जाई आणि दुसरी येई. ज्यांना मुळीच वाचता येत नसे, त्यांच्यासाठी जादूच्या दिव्याची चित्रे दाखविण्याचीही सोय होती.

गावात कायमचे वाचनालय हवे असेल तर मात्र एक अट होती. खर्चाचा एक भाग गावाने जमवावा, म्हणजे तेवढाच एक भाग प्रांत पंचायत देई आणि तेवढाच सरकार. महाराजांच्या साऱ्या योजनेत हा नियम आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो. फुकट आलेल्या पुस्तकांवर धूळ साचते. ज्यासाठी आपण पदरचा पैसा घातला, त्याची काळजी गाव घेते. अर्थात पैसा जमविण्यासाठी आधी गावकऱ्यांची मने वळविणे भाग होते आणि ते केवळ हुकमाने होण्यासारखे नव्हते. ते काम मोतीभाई अमीन यांच्यासारख्या तळमळीच्या शिक्षकाने केले. सरकारी योजनेपूर्वीच त्यांनी मित्रमंडळे स्थापून खेड्यांत वाचनाची हौस उत्पन्न केली होती. पुढे ते राज्याच्या ग्रंथालय खात्यात आले आणि गावोगाव हिंडत राहिले.

१९३१ साली बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत उभी राहिली. पुस्तकांच्या दालनांतील जमीन जाड काचेची केली होती, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यांपर्यंत पोचावा.

सयाजीराव महाराज १९३९ साली मुंबईस निधन पावले. त्या वेळी त्यांच्या राज्यात हजारांवर ग्रंथालये व वाचनालये चालू होती. त्यांतील कित्येकांना स्वतःची इमारतही नव्हती. गावच्या शाळेत एक कपाट असे, आणि दिवसभर मुलांना शिकविणारे गुरुजीच संध्याकाळी ते उघडून पुस्तके देत.