विश्लेषण : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी मृत्यूंचे तीन गट का पाडले?

दरवर्षी १२ मे रोजी आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन साजरा होतो. हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०-१९१०) यांचा जन्मदिवस. हाती दिवा घेऊन रुग्णांची विचारपूस करणारी परिचारिका म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. सांख्यिकीतील त्यांचे काम मात्र तितकेसे परिचित नाही.

स्कुटारीत काय घडले?
क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तिथे गटारे तुंबलेली होती, हवा खेळती नव्हती आणि मृत्यूंच्या नोंदींतही मेळ नव्हता.

वर्गवारी कशी केली?
युद्धानंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी मृत्यूंची कारणे तीन गटांत मांडली : टाळता येण्याजोगे साथीचे रोग, जखमा आणि इतर कारणे. उंची किंवा वजनासारखे ‘मृत्यूचे कारण’ मोजता येत नाही; ते फक्त गटांत विभागता येते. अशा चलाला गुणात्मक किंवा कॅटेगोरिकल चल म्हणतात. या तीन गटांत लहानमोठा असा क्रम नाही, म्हणून हा चल नाममात्र म्हणजे नॉमिनल. जखम किरकोळ, मध्यम की गंभीर अशी नोंद केली, तर तिला क्रम येतो; तो क्रमवाचक म्हणजे ऑर्डिनल चल.

आकडे काय सांगतात?
जानेवारी १८५५ मध्ये रोगांनी २,७६१, जखमांनी ८३, तर इतर कारणांनी ३२४ सैनिक दगावले. प्रत्येक गटातील ही संख्या म्हणजे वारंवारता. एकूण ३,१६८ मृत्यूंपैकी रोगांचा वाटा सुमारे ८७ टक्के. ही सापेक्ष वारंवारता. सर्वाधिक वारंवारतेचा गट म्हणजे बहुलक. नाममात्र चलाची सरासरी काढता येत नाही, तिथे बहुलकच उपयोगी पडतो. इथे बहुलक होता रोग, शत्रूची गोळी नव्हे.

मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोगाने गटारे साफ करून हवा खेळती केली. जानेवारी १८५६ मध्ये रोगांचे बळी ४२ वर आले, तर इतर कारणांचे ४८ होते. म्हणजे बहुलकच बदलला. तोवर मोठी लढाई थांबली होती, हेही लक्षात घ्यायला हवे.

परिणाम काय झाला?
१८५८ मध्ये त्यांनी हे आकडे रंगीत वर्तुळाकार आकृतीतून मांडले. त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. १८६० मध्ये त्यांनी सर्व रुग्णालयांत रोगांची नोंद एकसारख्या गटांत व्हावी, असा प्रस्ताव मांडला. कारण गटच वेगवेगळे असतील, तर दोन रुग्णालयांची तुलना करणार कशी?