चिक्कदेवराज वोडेयर आणि त्याची अंचे

काकतीच्या माणसाने इतिहासावर लिहायला घेतले की तो कित्तूरच्या राणी चन्नम्मेवर लिहिणार, हे ठरलेलेच. ती आमच्या गावची लेक. तिच्याविषयी मराठीत आणि कन्नडात पुष्कळ लिहून झाले आहे, आणि ते योग्यच आहे. मी मात्र या वेळी जरा दूरचा, पण कर्नाटकाच्याच इतिहासातला एक पुरुष निवडला आहे. निमित्त एका शब्दाचे. आपल्या भागातील टपाल कचेऱ्यांच्या कन्नड पाटीवर 'अंचे कचेरी' असे लिहिलेले असते. त्यातली कचेरी आपल्या ओळखीची; अंचे मात्र मराठी कानाला परकी वाटते. जुन्या कन्नडात अंचे म्हणजे हंस. नळाचा निरोप दमयंतीकडे नेणाऱ्या हंसावरून टपालाला हे नाव पडले, असे काही जण मोठ्या हौसेने सांगतात. कल्पना गोड आहे. पण ज्या राजाने ही अंचे म्हैसूर राज्यात सुरू केली त्याचा स्वभाव पाहता, हंसापेक्षा बहिरी ससाणाच त्याला अधिक शोभला असता असे माझे मत आहे.

हा राजा म्हणजे चिक्कदेवराज वोडेयर. जन्म १६४५ सालचा; म्हणजे शिवछत्रपतींपेक्षा तो पंधरा वर्षांनी लहान. त्याच्या आधी त्याचा चुलता गादीवर होता, आणि पुतण्यावर चुलत्याची मर्जी असतेच असे नाही, हे पेशवाईचा इतिहास वाचलेल्यांना निराळे सांगायला नको. तरुण चिक्कदेवराजाचा पुष्कळसा काळ राजधानी श्रीरंगपट्टणापासून दूर, गुंडलुपेटेजवळच्या हंगळ या गावी गेला. राजवाड्यात काय शिजते आहे हे कळायला तिथे मार्ग नव्हता. सोबतीला विशालाक्ष पंडित नावाचा एक विद्वान जैन मित्र होता. राज्य मिळाले तर मुख्य प्रधानकी तुलाच, असा शब्द त्याने या पंडिताला दिला असावा. निदान पुढे घडले तसेच. १६७३ साली चिक्कदेवराज गादीवर आला आणि विशालाक्ष पंडित प्रधान झाला.

नव्या राजाच्या पहिल्या कामांत टपालाची व्यवस्था येते. तिचा आरंभ सामान्यतः १६७२ असा दिला जातो, म्हणजे राज्यारोहणाच्याही आधीचा. पण या एका वर्षाच्या तफावतीवर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. महत्त्वाचे हे की, राज्यभर ठिकठिकाणी माणसे नेमून, एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर कागद पोहोचवणारी कायमची सरकारी व्यवस्था उभी राहिली. स्वारीपुरते जासूद धाडणे वेगळे आणि लढाई असो वा नसो, रोजच्या रोज चालणारी डाक ठेवणे वेगळे. आपल्याकडे जासूद, हरकारे, कासद होतेच. मोगलांची डाकचौकी होती, आणि तिचा दारोगा हा दरबारातला वजनदार माणूस असे. चिक्कदेवराजाने हे सारे पाहूनच आपली घडी बसवली असणार.

या अंचेचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन मार्क विल्क्स या इंग्रज अधिकाऱ्याने केले आहे. तो म्हैसूर दरबारी रेसिडेंट होता आणि १८१० पासून त्याचा दक्षिण हिंदुस्थानचा इतिहास छापला जाऊ लागला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, म्हैसूरचे टपाल केवळ बातमी नेण्याचे साधन नव्हते, ते बातमी काढण्याचेही साधन होते. टपालावरचे अधिकारी हे दरबाराचे विश्वासातले हस्तक असत, आणि त्यांच्या हाताखालची माणसे तर उघड हेरच. आपापल्या परगण्यात आतल्या गोटात काय चालले आहे, याचा अहवाल त्यांनी नियमाने वर पाठवायचा. हैदर अलीच्या काळात या पद्धतीला पूर्ण धार आली, असेही तो सांगतो.

विल्क्सचे बोट धरून चालताना थोडे सावध राहावे. हैदर हा कंपनीचा हाडवैरी, आणि एतद्देशीय राजांची राजवट जुलमी ठरवण्यात त्या काळच्या इंग्रज लेखकांचा स्वार्थ होता. त्यांच्या स्वतःच्या देशात तरी काय होते? पहिल्या चार्लसने १६३५ साली राजाचे टपाल सर्वांना खुले केले. पुढे क्रॉमवेलच्या अमदानीत, १६५७ च्या कायद्यात, राज्याविरुद्धची कारस्थाने हुडकून काढणे हाही टपालाचा एक उपयोग म्हणून नमूद झाला. लंडनमध्ये लोकांची पत्रे उघडून वाचली जात होती, तेव्हा चिक्कदेवराज बारा वर्षांचा मुलगा होता. सरकारी टपाल जिथे जिथे जन्मले तिथे तिथे त्याच्या पाठीला पाठ लावून हेरगिरीही जन्मली. आपल्याकडे १८९८ च्या टपाल कायद्यात सरकारला पत्र अडवण्याचा अधिकार होता आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही तो राहिला आहे. तेव्हा म्हैसूरच्या राजालाच तेवढे नाक मुरडण्याचे कारण नाही.

तरीही त्याच्या राजवटीतले एक प्रकरण असे आहे की, ते वाचून अंचेचा विचार मनातून जात नाही. लढाया, किल्ले, कालवे यांना पैसा हवा. पिकाचा सहावा हिस्सा ही राजाची वहिवाट मोडली असे दिसू नये म्हणून त्याने बारीकसारीक कर निरनिराळ्या नावांनी बसवले. शब्द पाळला आणि वसुली वाढवली! रयतेने मग आपल्या पद्धतीने उत्तर दिले. शेतकऱ्यांनी नांगर गावच्या वेशीवर झाडांना टांगले आणि शेती करणार नाही असे जाहीर केले. टांगलेला नांगर हे काही पत्र नव्हे, पण त्याहून स्पष्ट मजकूर कोणता असू शकतो? या चळवळीचे पुढारपण जंगम स्वामींकडे होते, असे विल्क्सला कळले. राजाने त्यांना नंजनगुडला बोलावले, चारशेच्या वर जंगम तिथे मारले गेले आणि सातशेवर मठ पाडले गेले, अशी हकीकत त्याने दिली आहे. पुढच्या काही इतिहासकारांनी या आकड्यांवर आणि एकंदर कथेवरच शंका घेतली आहे. आपल्या बेळगाव भागात लिंगायत मठांना केवढे स्थान आहे हे मी सांगायला नको; इथल्या वाचकाला ही कथा नुसत्या आकड्यांची राहत नाही.

आकडे सोडून दिले तरी बंड झाले आणि ते कठोरपणे मोडले, एवढे उरते. या सगळ्याचा सल्लागार म्हणून लोकांचा रोष विशालाक्ष पंडितावर होता, आणि १६८६ साली त्याचा खून झाला. गावोगावची कुजबुज ज्या दरबारात पोहोचत होती, त्याच दरबाराला आपल्या प्रधानावर टपून बसलेला मारेकरी वेळेवर कळला नाही. त्याच्या जागी तिरुमलार्य प्रधान झाला. तो श्रीवैष्णव पंडित आणि चांगला कवीही होता.

मराठ्यांशी या राजाचा संबंध लढाईचाही आहे आणि सौद्याचाही. लढाईत, विशेषतः १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांच्या फौजांशी झालेल्या झटापटींत, म्हैसूरची साधने आपल्या राजाला विजयी दाखवतात; मराठी वाचकाला दुसरी बाजू ऐकण्याची सवय आहे. सौदा मात्र निर्विवाद आहे, आणि मजेदारही. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. ती व्यंकोजीराजांकडे आली. पण ते तंजावरला राज्य करू लागल्यावर एवढ्या दूरचे ठाणे सांभाळणे जड झाले. त्यांनी ते तीन लाखांना चिक्कदेवराजाला विकायचे ठरवले. बोलणी चालू असतानाच मोगल सरदार कासिमखानाने, १० जुलै १६८७ रोजी, बंगळूर घेतले. अवघ्या काही दिवसांत त्याने तेच शहर, तेवढ्याच किमतीला, त्याच गिऱ्हाइकाला विकून टाकले! मालक बदलला, भाव तोच राहिला. असा व्यवहार साधायचा तर कोण कुठे निघाला, कोणाला पैशाची किती निकड आहे, हे इतरांच्या आधी कळावे लागते. आमच्या काकतीवरून जाणारा पुणे-बंगळूर हमरस्ता पुढे सुमारे पाचशे किलोमीटरवर त्या शहरात शिरतो.

चिक्कदेवराजाला नुसता हिशेबी म्हणणे अन्यायाचे होईल. कावेरीवरून काढलेला त्याच्या नावाचा कालवा प्रसिद्ध आहे. त्याने सुरू केलेले बेण्णे चावडी हे राजाच्या गाईगुरांचे खाते पुढे टिपूच्या वेळी अमृतमहाल या नावाने गाजले. कन्नड वाङ्मयाला त्याच्या पदरी फार चांगले दिवस आले. संची होन्नम्मा ही कवयित्री त्याच काळातली. संची म्हणजे आपली चंची. राजवाड्यात विड्याची चंची सांभाळणाऱ्या या बाईने पतिव्रतेच्या धर्मावर काव्य लिहिले, आणि त्यात मुलीला कमी लेखणाऱ्यांना चार शब्द सुनावले. कन्नड विभागातील कोणा मित्राने तिच्यावर सवडीने लिहावे. मला तेवढी कन्नड येत नाही.

राजा मोठा काटकसरी. रोज दोन हजार होन खजिन्यात पडल्याशिवाय तो अन्न घेत नसे, अशी आख्यायिका आहे, आणि नवकोटी नारायण हे त्याचे नाव त्यातूनच पडले. १६९९ साली त्याने औरंगजेबाकडे वकिलात पाठवली. ती बादशहाचा शिक्का आणि किताब घेऊन परतली, आणि मोगल दरबारातली खात्यांची रचना पाहून आली. त्यानंतर म्हैसूरचा कारभार अठरा कचेऱ्यांत वाटला गेला. लष्कर, जकात, खजिना, राजवाडा, सगळ्याला वेगळे खाते आणि वेगळे दप्तर. आज आपण ज्याला नोकरशाही म्हणून नावे ठेवतो तिची ही दक्षिणेतली एक जुनी पायरी. घोडदळ कितीही असो, रोज कागद फिरत नसेल तर अठरा कचेऱ्या एका माणसाच्या हाती राहू शकत नाहीत.

१६ नोव्हेंबर १७०४ रोजी चिक्कदेवराज वारला. त्याच्या मागे गादीवर आलेला मुलगा, दुसरा कंठीरव नरसराज, मुका आणि बहिरा होता. लोक त्याला मूकरस म्हणत. इतक्या मेहनतीने जमवलेल्या बातम्या आता दळवायांच्या कानी जाऊ लागल्या, आणि काही वर्षांतच राजा नावापुरता उरला. अंचे मात्र राहिली. दळवायांकडून ती हैदर आणि टिपूकडे गेली. १७९९ नंतर दिवाण पूर्णय्याने तिची नव्याने घडी बसवली. एकोणिसाव्या शतकात ती रयतेची पत्रेही नेऊ लागली. शेजारच्या त्रावणकोरात अशाच अंचलची स्वतःची तिकिटे निघाली, आणि घुंगरांची काठी वाजवीत धावणाऱ्या अंचलवाल्याला लोक वाट करून देत. ती व्यवस्था १९५१ पर्यंत चालली. म्हैसूरच्या अंचेने कधी तिकीट काढले नाही. १८८९ साली ती इंग्रज सरकारच्या टपाल खात्यात विलीन झाली.