शांताराम आठवले : समूहातील कवी

शांताराम आठवले (१९१०-१९७५) यांचे कवित्व प्रभात फिल्म कंपनीच्या सामूहिक निर्मितीत घडले. ‘संत तुकाराम’ (१९३६) म्हणताच दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, शिवराम वाशीकरांची पटकथा, केशवराव भोळे यांचे संगीत व विष्णुपंत पागनीसांची भूमिका आठवते. त्यातील बीज-वृक्षाच्या रूपकावरचे आठवले यांचे पद मात्र अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले. रचनेच्या या यशानेच रचनाकाराचे नाव झाकले. पुढे त्यांनी ‘कुंकू’ची (१९३७) गीते लिहिली, ‘भाग्यरेखा’ (१९४८) व ‘वहिनींच्या बांगड्या’ (१९५३) हे चित्रपट दिग्दर्शित केले. ‘प्रभातकाल’ या ग्रंथात सहकाऱ्यांच्या कर्तृत्वाची नोंदही त्यांनीच केली. वाङ्मयेतिहासात त्यांची स्वतःची नोंद तितक्याच साक्षेपाने व्हावयास हवी.