बाहुल्यांना बोलकं करणारे जिम हेन्सन

बाहुल्यांचा खेळ म्हणजे लहान मुलांचं काम, असं आपण सहज म्हणून जातो. हाच समज मोडण्यासाठी धडपडलेला एक कलावंत म्हणजे जिम हेन्सन.

जिम यांचा जन्म २४ सप्टेंबर १९३६ रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात झाला. पुढे कुटुंब मेरीलँडला आलं. घरात टीव्ही आला आणि या मुलाला टीव्हीचं वेडच लागलं. बाहुल्यांकडे ते वळले तेही टीव्हीवर काम मिळावं म्हणून. मेरीलँड विद्यापीठात बाहुल्या बनवायला शिकवत, ते गृहविज्ञानाच्या विभागात. म्हणून त्यांनी १९६० साली पदवी घेतली ती गृहविज्ञानाचीच! आज एखादा मुलगा असं काही म्हणाला, तर घरात काय होईल ते आपल्याला माहीत आहेच.

कॉलेजात असतानाच, १९५५ मध्ये, त्यांचा पाच मिनिटांचा विनोदी कार्यक्रम 'सॅम अँड फ्रेंड्स' सुरू झाला. आईचा जुना हिरवट कोट आणि पिंगपाँगचा अर्धा अर्धा कापलेला चेंडू, एवढ्यातून त्यांनी कर्मिट घडवला. पुढे तोच जगप्रसिद्ध बेडूक झाला. लाकडी बाहुलीचा चेहरा हलत नाही, पण टीव्हीचा कॅमेरा तर अगदी चेहऱ्याजवळ जातो. म्हणून त्यांनी मऊ फोमचे चेहरे केले. आत हात घालून बोटं हलवली की बाहुली हसते, रुसते. वेगळा रंगमंचही त्यांनी ठेवला नाही. टीव्हीची चौकट हाच रंगमंच.

१० नोव्हेंबर १९६९ला 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाली. गरीब घरातल्या मुलांना शाळेत जाण्याआधीच अक्षरं आणि अंक कळावेत, हा तिचा हेतू. जिम यांच्या बाहुल्या मुलांच्या लाडक्या झाल्या. पण इथेच पंचाईत झाली. त्यांच्यावर 'मुलांचे बाहुलीवाले' असा शिक्का बसला. मोठ्यांनाही हसवेल अशी मालिका त्यांना करायची होती, पण अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी नकार दिला. शेवटी इंग्लंडमध्ये लू ग्रेड यांनी संधी दिली आणि १९७६ ते १९८१ या काळात 'द मपेट शो'चे १२० भाग झाले. आजोबा-नातू दोघेही एकत्र बसून हसू लागले!

१९८४ मध्ये याच पात्रांच्या बालपणावर 'मपेट बेबीज' ही कार्टून मालिका आली. नंतर 'द स्टोरीटेलर'मध्ये त्यांनी युरोपातल्या लोककथा नाट्यरूपात आणल्या, अगदी गंभीरपणे.

१६ मे १९९० रोजी जंतुसंसर्गाने अवघ्या ५३व्या वर्षी ते गेले. आपल्या शोकसभेला कुणी काळे कपडे घालू नयेत, असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. २००६ मध्ये 'सेसमी स्ट्रीट'चं भारतीय रूप 'गली गली सिम सिम' आपल्याकडेही आलं.

वर्गात आपणही मुलांवर शिक्के मारतो. हा अबोल, तो मस्तीखोर, ही गणितात कच्ची. एकदा जुना मोजा घ्या, दोन बटणं शिवा आणि ती बाहुली वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलाच्या हातात द्या. तो काय बोलतो ते मात्र शांतपणे ऐका.